फुकटची भाकर

मला फुकट काही घेता येत नाही. हा आपला गुण आहे असं मी म्हातारा होईस्तोवर समजत होतो. माझी बुढी, म्हणजे बायको, म्हणायची, हा गुण नाही, रोग आहे. शेजाऱ्याने वाटीभर भाजी पाठवली की मी संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन कूलरच्या पंख्याला तेल देऊन यायचो. शेजारी म्हणायचा, आवाज तर येत नव्हता. मी म्हणायचो, आता येणारही नाही. घरी आलो की बुढी विचारायची, "फेडलं काय वाटीभर वांगं? झोप लागंल आता?" आणि खोटं कशाला सांगू, झोप लागायचीच.

माझा धंदाच कूलरचा. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण पत्र्याच्या कात्रीचं. अमरावतीत जिकडे तिकडे माझ्या हातचे कूलर आहेत. ज्यांच्याकडे उन्हाळा मवाळ असतो त्यांना सांगतो. कूलर म्हणजे लोखंडी पेटारा, तीन बाजूंना जाळी, जाळीत गवत, खाली पाणी. ते पाणी गवतावर चढवायला एक छोटा टुल्लू पंप आणि मध्ये पंखा. पंखा बाहेरची आग ओल्या गवतातून ओढून घेतो आणि गार करून आत सोडतो. एवढंच. पण एप्रिल लागला की आमच्या वऱ्हाडात एवढ्याच्याच भरवशावर माणूस माणसाशी नीट बोलतो.

आमच्या चर्चमध्ये तीन मोठे कूलर आहेत, तिन्ही माझे. दरवर्षी होळी झाली की मी त्यांचं गवत बदलायचो, पंप उघडून आतला क्षार खरवडायचो, आणि पैसे घ्यायचो नाही. देवाच्या घरी कायचे पैसे, असं चारचौघांत म्हणायचो. पण मनात हिशोब असायचा. मी त्याचं घर गार ठेवायचं, त्याने माझं घर चालू ठेवायचं. असा करार मी आपल्या एकट्याच्या सहीने करून टाकला होता. देवाला विचारलं नव्हतं.

आमचे पाळकसाहेब तरुण आहेत. अंगाने काडी, गळ्याने गोड. त्यांची बायको नगरकडची. त्यांना सगळे पाळकीणबाई म्हणतात. त्या इथे आल्या तेव्हा पहिल्याच मे महिन्यात त्यांनी नवऱ्याला विचारलं म्हणे, इथल्या लोकांना नरकाची भीती कशी घालता हो तुम्ही? मला त्या तेव्हाच आवडल्या. त्यांच्या घरी मी एक कूलर बसवून दिला. बदल्यात त्यांनी शेंगदाण्याची चटणी दिली, म्हणून मी त्या कूलरला चाकं लावून दिली.

मग एका हिवाळ्यात पाळकीणबाईंच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं. पुढे ती औषधं सुरू झाली ज्यांनी केस जातात आणि तोंडाची चव जाते. पोटात काही ठरत नव्हतं. माझ्या बुढीने कोणालाही न विचारता ज्वारीची आंबील सुरू केली. पीठ रात्री भिजवायचं, सकाळी पातळ शिजवायचं, ताक आणि जिरं घालायचं. स्टीलचा डबा, झाकणाला पोचा आलेला. डबा घट्ट बसावा म्हणून ती त्यावर बुक्की मारायची आणि मला सायकलवर पाठवायची. डबा परत यायचा तो कधी रिकामा नाही. आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत. पाळकीणबाईंना उठवत नव्हतं तरी डब्यात काहीतरी असायचं. एखादं लिंबू, दोन खारका, एकदा नुसती चिमूटभर साखर. बुढी डबा उघडून बघायची आणि म्हणायची, "आज साखर आहे. म्हंजे तबेत बरी नाही."

बुढीची प्रार्थना रोजची होती, माझं काम आमेन म्हणायचं. पण त्या दिवसांत मीही प्रार्थना केली. शुक्रवारचा उपास धरला, चहासुद्धा सोडला. चहा सोडणं म्हणजे मी काय सोडलं ते माझ्या ओळखीच्या माणसांना विचारा. पाळकीणबाई बऱ्या झाल्या. उन्हाळ्याच्या तोंडावर डोक्याला रुमाल बांधून चर्चमध्ये आल्या तेव्हा सगळी मंडळी उभी राहून रडली. मी रडलो नाही. मी मनात म्हटलं, चला, आपला अर्ज मंजूर झाला.

आणि त्याच उन्हाळ्यात माझी बुढी पडली. मुलगी अकोल्याला आहे म्हणून तिथल्या दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, आतून सगळं पसरलं आहे, उशीर झाला. पाळकसाहेब अमरावतीहून पुन्हापुन्हा यायचे. तिच्या खाटेजवळ गुडघे टेकून तिच्यासाठी मागायचे, चांगलं मोठ्याने, घसा बसेपर्यंत. आंबे बाजारात आले तेव्हा ती पडली आणि आंबे संपायच्या आत गेली. शेवटी शेवटी मला म्हणाली, "देवासंग भांडजो नोको. तुले भांडता येत नाही, तू डायरेक्ट तोडतं." मी हो म्हटलं.

तिला अमरावतीला आणली. कबरस्तानात सगळी मंडळी जमली होती. पाळकसाहेबांनी शास्त्र वाचलं, गाणं म्हटलं आणि मग म्हणाले की प्रभूला आपल्या बागेत एक सुंदर फूल हवं होतं, म्हणून त्याने ते खुडून नेलं. चांगल्या मनाने म्हणाले, त्यांचा दोष नाही. पण माझ्या डोक्यात काहीतरी फिरलं. बुढीला फूल कोणी म्हणत नव्हतं. ती म्हणजे काटेरी वांगं होती, आणि मला ती तशीच पाहिजे होती.

मी म्हटलं, "पाळकसाहेब, तुमची बायको पडली तवा मी देवाले मागतलं. त्यानं देलं. माही पडली तवा तुमी मागतलं. नाही देलं. म्हंजे माही प्रार्थना लागते अन् तुमची लागत नाही. मंग पगार तुमाले कायचा भेटते?"

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. लोकांनी म्हटलं असतं, म्हातारा दुःखात आहे. पण मी थांबणारा माणूस नाही.

"अन् फूलच पाह्यजे होतं," मी म्हटलं, "तर तुमच्या घरचं न्याचं होतं. त्याले तर हात लावून सोडून देलं. जमत असंल तर अजून अदलाबदल करून द्या मले."

पाळकीणबाई समोरच उभ्या होत्या. डोक्याला तोच रुमाल, हातात मूठभर माती. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग वाकल्या, हातातली माती अगदी हळू कबरेत सोडली, झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तशी, आणि मागे सरकल्या. मी माझी मूठ तिथेच पायाशी झटकली आणि फाटकातून बाहेर निघालो. माझ्या वाटची माती मुलीने टाकली.

मोठ्या बढाईने निघालो, पण फाटकाच्या बाहेर रिक्षावाला "कुठं जायचं" म्हणाला तेव्हा मला सांगता येईना.

पुढचं सगळं लपाछपीचं आहे. पाळकसाहेब घरी आले. मी गच्चीवर एका मोडक्या कूलरच्या मागे बसलो. त्यांनी खालून दोन-तीन हाका मारल्या, मग शांतपणे म्हणाले, "बाबा, तुमची चप्पल दारात आहे." मी तरी हललो नाही. म्हाताऱ्या माणसाने असं बसणं गुडघ्यांना फार वाईट. दुसऱ्या वेळी ते आले तेव्हा मी चप्पल आत घेऊन ठेवली होती. तिसऱ्या वेळची वाट बघितली नाही, बडनेऱ्याहून गाडी पकडली आणि मुलीकडे अकोल्याला निघून गेलो.

तिथे त्यांचा फोन यायला लागला. मी आवाज जाड करून म्हणायचो, "राँग नंबर. अथी असा कोणी बुढा राहत नाही." एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर जावयासमोर. बायबलातल्या पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, पण त्याने निदान दुसऱ्याला नाकारलं होतं. मी स्वतःलाच ओळखत नाही म्हणून सांगत होतो.

मुलगी दर रविवारी तिच्या चर्चला घेऊन जायची. मी सगळ्यात मागे बसायचो. गाणी म्हणायचो, झोप आली तर झोपायचो. अडचण महिन्याच्या पहिल्या रविवारी व्हायची, कारण त्या दिवशी प्रभुभोजन. आमच्यात भाकरीचे लहान तुकडे तबकात येतात आणि द्राक्षाचा रस बोटाएवढ्या प्याल्यांत. तबक बाकावरून हातोहात पुढे जातं. आपण आपला तुकडा घ्यायचा आणि शेजारच्याला द्यायचं. मला लहानपणापासून शिकवलेलं की कोणाचं मन दुखवून आला असशील तर आधी जाऊन ते मिटव, मग इथे हात लाव. मी मिटवलं नव्हतं. मिटवायचं कसं तेही कळत नव्हतं. वांग्याची वाटी फेडता येते, ह्याला कोणत्या पंख्याला तेल देऊ? म्हणून तबक आलं की मी ते गरम तव्यासारखं पुढे सरकवायचो.

माझ्या शेजारी बसणाऱ्या एका आजीबाईंनी हे बघितलं. त्या कानाशी येऊन म्हणाल्या, "भाऊ, शुगर आहे काय? घ्या न बिनधास्त, रस बिनसाखरेचा आहे."

मी म्हटलं, "मले दुसरा रोग आहे जी."

झालं. पुढची सगळी उपासना त्या माझ्याकडे बघून दुसरा रोग शोधत होत्या. पुढच्या महिन्यात त्यांनी जांभळाच्या बियांचं चूर्ण आणून दिलं. मी त्यांच्या घरी जाऊन कूलरचा पंप बदलून दिला. थंडीच्या दिवसांत.

असे महिने गेले. मुलीच्या गल्लीत एक कूलर बिघडलेला उरला नाही. हिवाळ्यात लोक मला चहाला बोलवायला घाबरायचे, म्हातारा पान्हा घेऊन येईल म्हणून. रोज संध्याकाळी मी बुढीला दिवसभराचं सांगायला तोंड उघडायचो आणि तोंड तसंच मिटून जेवायला बसायचो. मुलगी सगळं बघत होती. ती तिच्या आईवर गेलेली आहे. होळी झाल्यावर एक दिवस तिने माझी पिशवी भरून दारात ठेवली.

"बाबा," ती म्हणाली, "आमच्या गल्लीतले कूलर संपले. आता जा, अन् जथी बिघडवून आले तथी दुरुस्त करा."

अमरावतीला घर उघडलं तेव्हा सगळ्यावर बोटभर धूळ. ओट्यावर डब्यांची रांग होती, त्यात एक जागा रिकामी. पोचा आलेल्या झाकणाचा डबा पाळकीणबाईंकडेच राहून गेला होता. तो मागायला जायची माझी काय हिंमत.

माझा शेजारी भाजीची गाडी लावतो. मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकता विकता सगळ्या मोहल्ल्याची खबर ठेवतो. तो हिंदू माळी, मी ख्रिस्ती, पण वांग्याची ती वाटी त्याचीच. त्याने मला बघून पहिलं विचारलं, "काहून भाऊ, तुमच्या देवाघरी यंदा उन्हाळा नाही काय? होळी झाली, कूलर तसेच धूळ खाऊन राहिले म्हणतात."

मला तिथेच सुचलं. तिन्ही कूलर नव्यासारखे करायचे. गवत, पंप, रंग, सगळं माझ्याकडून. शिवाय पाळकसाहेबांच्या घरचाही. शिवाय पुढच्या वर्षीचंही आत्ताच कबूल करून टाकायचं. एवढं केलं की मिटलंच. शेजाऱ्याला मी हे मोठ्या उमेदीने सांगितलं. तो पाण्याचा हात मेथीवर झटकत म्हणाला, "भांडण माणसासंग झालं न तुमचं?"

"हो."

"मंग कूलरजवळ कायले जाता?"

ह्या माणसाला धंद्याचं काही कळत नाही असं म्हणून मी सामान आणायला गेलो.

पाळकसाहेब दर बुधवारी दुपारी बडनेऱ्याला कोणाच्या तरी घरी प्रार्थनेला जातात हे मला माहीत होतं. बुधवार धरला. चर्चच्या मागच्या दाराची किल्ली माझ्याकडेच होती. जुनं गवत काढलं, त्यात चिमणीचं घरटं निघालं, ते खिडकीच्या वर नीट ठेवलं. एक कूलर झाला, दुसरा झाला. तिसरा समोरचा, वेदीजवळचा, सगळ्यात मोठा. त्याच्या पोटात अर्धा शिरून मी पंपाची नळी काढत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाबा, आलात?"

मी डोकं बाहेर काढलं नाही. पाळकीणबाई पहिल्या बाकावर बसल्या असाव्यात, बाक कुरकुरला. मी कूलरच्या आतूनच बोलायला सुरुवात केली. पत्र्यामुळे माझा आवाज मलाच जज्जासारखा मोठा ऐकू येत होता. सांगितलं की गवत सगळं नवीन आहे, पंप नवीन आहेत, रंगाचे दोन हात देणार आहे, तुमच्या घरचा कूलरही करून देतो, आणि पुढच्या वर्षीही.

त्या म्हणाल्या, "हे कशाबद्दल?"

"त्या दिवसाबद्दल."

बाक पुन्हा कुरकुरला. मग म्हणाल्या, "त्या दिवसाबद्दल किती कूलर होतात, बाबा?"

आता डोकं बाहेर काढावंच लागलं. डोक्यावर रुमाल नव्हता. केस आले होते, आखूड, शाळकरी पोरासारखे. मी म्हटलं, "तुमीच सांगा. कमी पडत असतील तर अजून करतो."

"ते तर त्याच दिवशी मिटलं," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन आंघोळ केली, भाकरी टाकायला बसले, तोवर मिटलं होतं. राग आला होता. नाही असं नाही. दोन भाकरी करपल्या. तिसरीला गेला."

मला खरं सांगतो, आनंद झाला नाही. संताप आला. एवढे महिने मी तबक सरकवत होतो, जांभळाच्या बिया खात होतो, आणि इकडे ते तिसऱ्या भाकरीलाच मिटून बसलेलं.

"मंग सांगाचं नाही काय मले?" मी म्हटलं. "मी उपाशी बसून राहिलो न तथी."

"फोन केला ना. राँग नंबर लागायचा."

त्या हसल्या. मीही हसलो असतो, पण त्यांचं हसू मध्येच थांबलं. त्या हातातल्या किल्ल्यांकडे बघायला लागल्या. म्हणाल्या, "पण माझं मिटलं नाही, बाबा."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या शब्दांत मला नीट सांगता येणार नाही. अदलाबदलीचं मी कबरेवर बोललो, ते त्यांनी माझ्याआधीच देवाला विचारलं होतं. बुढी आजारी असताना त्या अकोल्याला एकदाच आल्या, कारण दुसऱ्यांदा येववेना. खाटेवर आंबील करणारी पडलेली आणि समोर आंबील पिऊन उभी राहिलेली. आपण वाचलो ह्याची त्यांना लाज वाटायची. आमचा डबा त्यांच्याकडे होता. रिकामा कसा द्यायचा, आणि भरायचा तर कशाने, हे ठरेना. रोज घासायच्या आणि परत पालथा घालून ठेवायच्या.

"मावशींचं मी काहीच फेडलं नाही," त्या म्हणाल्या. "आता फेडणार कोणाला?"

मी पान्हा हातात घेऊन उभा होतो. मला राग आला, पण तो वेगळा राग होता. बुढीची आंबील कोणी अशी मोजावी ह्याचा.

"फेडाचं कायले?" मी म्हटलं. "तिनं ते काही उधारीवर देलं नोतं. तुमी वाचल्या तर वाचल्या. त्यानं देलं, तुमी घेतलं. त्याच्यात तुमी कोणाचं चोरलं?"

"म्हणजे फुकटच?"

"फुकट नाही तं काय. फुकटच."

बोलून गेलो आणि माझं मलाच ऐकू आलं. पाळकीणबाई माझ्याकडे बघत होत्या. रडत होत्या आणि भुवई वर केलेली होती, नगरकडच्या बायका करतात तशी.  बोलायची गरजच ठेवली नव्हती मी.

मी परत कूलरमध्ये शिरलो. म्हटलं, पंप बघतो जरा. बराच वेळ बघितला. बाहेरून त्यांनी विचारलं, पंप ठीक आहे ना? मी म्हटलं, हो, नवाच आहे. मग त्यांनी ताक आणून ठेवलं. ते मी प्यालो आणि बदल्यात काही केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. 

आता धंद्याची एक गोष्ट सांगतो. पंपाच्या नळीला एक पट्टी असते, ती आवळावी लागते. न आवळलेली नळी थोडा वेळ कळ काढते आणि मग सुटते. डोळ्यांत पाणी असताना कूलरचं काम करू नये. हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, चर्च गच्च भरलं होतं; त्या दिवशीही प्रभुभोजन असतं. सगळ्यांचे नवे कपडे, बायकांच्या डोक्यात मोगरा, बाहेर ऊन असं की कावळासुद्धा सावली धरून बसलेला. तिन्ही कूलर चालू. मी सवयीने मागच्या बाकावर. काही लोक माझ्याकडे वळून बघत होते, काही मुद्दाम बघत नव्हते. माझं मी ठरवलं होतं की आज तबक आलं तर घ्यायचं. पाळकीणबाईंचं मिटलं आहे. पण पाळकसाहेबांचं? त्यांच्या पगाराबद्दल मी जे बोललो ते तर अजून तसंच होतं. म्हणून परत ठरवलं, आज राहू द्या, पुढच्या महिन्यात बघू. माणूस ठरवण्यात फार हुशार असतो.

पाळकसाहेब भाकरीवर प्रार्थना करत होते. सगळ्यांचे डोळे मिटलेले. तेवढ्यात समोरच्या कूलरमधून फस्स असा आवाज आला आणि पाण्याची एक धार, बोटाएवढी जाड, पंख्याच्या वाऱ्यावर बसून सरळ पाळकसाहेबांच्या कानावर गेली. त्यांनी आमेन म्हणायच्या आत पहिला बाक भिजला. बायकांच्या बाजूने हसू फुटलं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या एका वडीलधाऱ्यांनी बटण बंद करायचं सोडून बायबलने धार अडवायचा प्रयत्न केला. कोणीतरी म्हणालं, "कूलरवाले बाबा कुठं आहेत?" आणि सगळं चर्च मागे वळलं.

मी उठलो. शेवटच्या बाकापासून वेदीपर्यंत चाललो, सगळ्यांच्या मधून. जिथून मी एवढे महिने पळत होतो त्याच जागी मला माझ्याच नळीने बोलावून घेतलं. बटण बंद केलं, हात कोपरापर्यंत आत घालून नळी लावली, पट्टी आवळली. चांगली आवळली. बाहेर आलो तेव्हा कोपरापासून पाणी गळत होतं, सदरा छातीला चिकटलेला. माझी सगळी फेड जमिनीवर वाहत होती आणि बायका त्यातून साड्या उचलून पाय काढत होत्या.

तेवढ्यात पाळकसाहेब तबक घेऊन वळले. तबक आधी समोरच्यांना देतात. समोर मी होतो. माझ्या बाजूला कोणी नव्हतं. सरकवायला शेजारी नव्हता.

"घ्या, बाबा," ते म्हणाले. त्यांच्या कानातून थेंब टपकत होता.

मी हळूच म्हटलं, "हात ओले आहेत."

"घ्या."

"पाळकसाहेब, मी त्या दिवशी पगाराचं बोललो होतो ते..."

ते तबक तसंच धरून, ओठ फारसे न हलवता म्हणाले, "ते बरोबरच होतं. कमिटीलाही तसंच वाटतं. घ्या आता, मागे लोक थांबलेत."

मी घेतला. तुकडा ओल्या बोटांत भिजला, तोंडात घालायच्या आत मऊ झाला. पैसे नाही दिले, पंखा नाही दुरुस्त केला, माफीचे शब्दसुद्धा पुरे झाले नाहीत. पाळकीणबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, डोळे पुसत होत्या, दोन्ही. बायकांच्या बाकावर तिसऱ्या जागेवर बुढी बसायची. तिथे आता दुसरं कोणीतरी बसलं होतं. मी तिकडेच बघत गिळलं. ती असती तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली असती, "घेतलं बाप्पा एकदाचं."

उपासना संपल्यावर पाळकीणबाईंनी पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला. हलका वाटला. झाकण उघडलं तर आत काही नव्हतं, घासून आरसा केलेला. मी त्यांच्याकडे बघितलं.

त्या म्हणाल्या, "फुकट म्हणालात ना?"

घरी आणून डबा ओट्यावर त्याच्या जागी ठेवला. दोन दिवस बघितला. तिसऱ्या दिवशी रात्री ज्वारीचं पीठ भिजवलं. बुढीला कधी विचारलं नव्हतं की पाणी किती, ताक किती, म्हणून सकाळी आंबीलीत गुठळ्या झाल्या आणि जिरं जळलं. भाजीवाल्या शेजाऱ्याने वास घेऊन विचारलं, कोण आजारी आहे? मी म्हटलं, कोणीच नाही. मग कायले करून राहिले, म्हणे. मी म्हटलं, असंच.

झाकणावर बुक्की मारून डबा सायकलला लावला आणि देऊन आलो. दुपारी पाळकसाहेबांचा फोन आला. ह्या वेळी मी माझ्या आवाजात बोललो. ते म्हणाले, बाबा, आंबील मिळाली, फार... आणि पुढे बराच वेळ शब्द शोधत राहिले. पाळकाला खोटं बोलता येत नाही, त्याची फार पंचाईत होते.

डबा अजून त्यांच्याकडेच आहे. मी मागितला नाही.